मी सांगेपर्यंत

डॉक्टर : नाक चिमटीत धरा, बाबा, आणि नाकातून हळूच फुंका. तोंड मात्र उघडंच राहू द्या.

धर्माजी : न्हाय फुंकायचं.

डॉक्टर : दुखणार नाही. वर कुठं भोक राहिलंय का एवढंच बघायचंय. हवा तोंडात आली तर मला आरशात कळेल.

धर्माजी : त्ये समजलं. पन फुंकायचं न्हाय असं तुमीच सांगितलं व्हतं.

डॉक्टर : मी? कधी?

धर्माजी : गेल्या साली. दसऱ्याच्या मागनं. ह्याच खुर्चीत, दाढ कापल्यावर.

डॉक्टर : दाढ नाही कापली, मुळाचं टोक कापलं होतं. आणि फुंकू नका म्हणाले ते महिनाभरासाठी.

बानूबाई : महिना?

डॉक्टर : तीन-चार आठवडे, मावशी. तेवढ्यात पडदा बुजतो.

बानूबाई : अवं, ऐकताय का? महिना म्हणत्यात त्या.

धर्माजी : तवा महिना न्हवत्या म्हणल्या.

डॉक्टर : मग काय म्हणाले होते?

धर्माजी : तुमी म्हणला, बाबा, नाक शिंकरायचं न्हाय, शिंक दाबायची न्हाय, फुंकायचं न्हाय आन् शीळ तर अजिबात घालायची न्हाय. मी सांगेपर्यंत.

डॉक्टर : असं म्हणाले असेन. कारण तुम्ही महिन्याने दाखवायला येणार होतात. तेव्हा बघून सांगणार होते.

धर्माजी : टाकं काढाया आलो की मी.

डॉक्टर : ते आठवड्याने. त्यानंतर महिन्याने यायचं होतं, मग सहा महिन्यांनी. तुम्ही आज उगवताय.

धर्माजी : महिन्यानं आमी माळशेज उतरून मुरबाडच्या अंगाला. मेंढरं सोडून कोन येतंय?

डॉक्टर : एक मिनिट. म्हणजे तुम्ही वर्षभर शीळ घातली नाही?

धर्माजी : तुमी सांगितलं न्हाय.

डॉक्टर : वर्षभर?

बानूबाई : एक डाव घातली, त्येबी टाकं असताना. त्ये सांगते मी मागनं. पर त्याच्यानंतर नाय. माझा हा घसा बघताय ना ताई, ह्यो काय जल्मापासनं असा नव्हता. गायला बसले की बायका गप व्हायच्या. आता शेजारीण म्हणती, बानूबाई, तुझा आवाज कढईचं बूड खरवडल्यावानी झालाय. वर्षभर ह्यांच्या वाटचं मी वरडतीया.

डॉक्टर : मेंढरांना?

बानूबाई : मेंढरांना, कुत्र्यांना, ट्रकवाल्यांना. ह्ये आपले फुडं, तोंड मिटून, देवळातल्या देवावानी.

धर्माजी : देव न्हाय. काठी आपटत व्हतो.

बानूबाई : काठी आपटत व्हते. डांबरावर. लई आवाज येतो काठीचा.

डॉक्टर : मग फोन का नाही केलात? नंबर होता तुमच्याकडे.

धर्माजी : फोनवर तुमी काय बघणार? तोंड न बघता सांगितलं असतं का?

डॉक्टर : नसतं सांगितलं, तेही खरंय. पण जूनमध्ये तर घाट चढून वर आलात ना? पाऊसभर गावी, धामणीलाच होतात. मंचर किती लांब आहे?

धर्माजी : लांब न्हाय.

डॉक्टर : मग?

बानूबाई : सांगा की त्यांना.

धर्माजी : भ्या वाटत व्हतं.

डॉक्टर : कशाचं? माझं?

धर्माजी : फोटूचं. तुमी त्यो काळा फोटू काढणार, आन् म्हणणार, बाबा, नाय जमलं, दाढ काढाया लागंल. जवर तुमी बघत न्हाय तवर दाढ माझीच हाय, असं म्हणून बसलो. आजबी आलो नसतो.

डॉक्टर : आज का आलात मग?

बानूबाई : लेकानं आणलं. आमचा जालिंदर. त्यो काय, खाली रस्त्याच्या पल्याड पिकअपला टेकून हुबा हाय. म्हणला, मी वर येणार नाय, तुमी काय त्ये इचारून या. त्यानं आज अट घातलीया ताई. दाढ बरी आन् शीळ पयल्यावानी झाली तर मेंढरं ऱ्हातील. नायतर उद्या सकाळी शेट टेम्पो घेऊन येतोय. सगळी खांड, आख्खा कळप, त्याला ईकून टाकायची.

डॉक्टर : सगळी?

बानूबाई : कोकरंबी. घोडीसुदीक.

डॉक्टर : एका दाढेवर?

धर्माजी : दाढंवर न्हाय. शिळंवर. पन शीळ दाढंवर हाय, म्हंजी त्येच झालं. तुमाला सांगितलं व्हतं की गेल्या साली. मी जीभ दुमडून ह्या डाव्या अंगाला, सुळ्यामागच्या दाढंला लावतो. तिथनं वारं सुटतं. माझ्या बापाची बोटं घालून असायची, माझी बिनबोटाची. बोटं मोकळी लागत्यात, एका हातात काठी, एका हातात कोकरू.

डॉक्टर : आठवतंय. म्हणून तर तुम्ही काढू देत नव्हतात. आधी ज्यांच्याकडे गेला होतात त्यांनी काढूनच टाका सांगितलं होतं.

धर्माजी : दोघांनी सांगितलं. तुमी एकल्याच म्हणला, बघू.

डॉक्टर : बघू म्हणाले, कारण खात्री मलाही नव्हती. वरच्या त्या दाढेच्या मुळाशी पू धरला होता. आतून साफ करून झालं होतं, वर टोपी बसवली होती, तरी परत धरला. मग एकच वाट होती, हिरडी उघडायची, मुळाचं टोक कापायचं आणि कापलेलं तोंड बंद करायचं. अवघड एवढंच, की गालाच्या हाडात एक पोकळी असते आणि तिचा रस्ता नाकात जातो. तुमचं मूळ थेट तिच्या तळाला टेकलेलं. मध्ये फक्त पापुद्र्यासारखा पडदा.

बानूबाई : आन् त्यो फाटला.

डॉक्टर : थोडासा फाटला. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला, लपवलं नाही. अशा ठिकाणी बऱ्याचदा होतं आणि आपोआप बुजतं. फक्त तेवढे दिवस जोराची हवा तिथं लागू द्यायची नाही. म्हणून ते शीळ-बीळ. आता तुम्ही टाके असताना घातलेल्या शिळेचं काय ते सांगा.

धर्माजी : त्याचं काय, आता झालं-गेलं.

बानूबाई : झालं-गेलं कसं? माज्या तोंडनं ऐका ताई. सून हाय आमची राजनंदिनी, ती शिकलेली. तिनं बघितलं, सासरा शीळ घालू शकत नाय आन् दोन हप्त्यांवर निघायचं. ती म्हणली, मामंजी, आपण तुमची शीळ मोबाइलात भरून घेऊ. ब्ल्यूटूथचा डबा मिळतो, त्यो घोडीच्या पाठीवर बांधायचा. बटन दाबलं की शीळ. तुमाला फुंकायची गरजच नाय. समद्यांना लई पटलं. जालिंदर लगी डबा घेऊन आला.

डॉक्टर : कल्पना वाईट नाही.

बानूबाई : वाईट नाय. पर भरायची कुनाची शीळ?

डॉक्टर : अरे देवा.

बानूबाई : ह्ये म्हणले, एकदाच घालतो, म्हंजी मग घालाय नको. दाढ कापून तिसरा दिस. गाल हा एवढा. ओसरीत बसले, सुनंनं मोबाइल फुडं धरला, समद्यांना गप बसवलं, कुत्रं बी बाहेर काढलं. आन् घातली.

डॉक्टर : तिसऱ्या दिवशी. बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना?

धर्माजी : न घालण्यासाठीच घातली की. एक घातली म्हंजी बाकीच्या वाचल्या.

डॉक्टर : मग काय झालं?

धर्माजी : डोळ्याच्या खाली फसफसलं. सोडा वतल्यावानी. मग नाकातनं रगत आलं.

बानूबाई : आवं, धोतरावर सांडलं. मी तर हबकलेच. ह्ये पांढरेफटक. तिथंच बिरोबाची आण घेतली, डॉक्टरीणबाई सांगत नाय तवर पुन्यांदा नाय. आन् आण घेतली म्हंजी ह्ये पाळणार. त्यात ह्यांचा लई नेम.

डॉक्टर : टाके काढायला आलात तेव्हा यातलं एक अक्षर बोलला नाहीत.

धर्माजी : तुमी रागावला असता.

डॉक्टर : रागावलेच असते. पण मग "मी सांगेपर्यंत" याचं तुम्ही काय करून ठेवताय हे तरी कळलं असतं. आणि ते रेकॉर्डिंग? चाललं का?

बानूबाई : चाललं म्हणायचं का? तुमी सांगा.

धर्माजी : मेंढरांनी माना वर केल्या. आली. समदी घोडीला गराडा घालून हुबी ऱ्हायली. म्हातारी मेंढी हाय एक, फुडं चालणारी, तिनं डब्याचा वास घेतला. मग माज्याकडं बघितलं. मी पल्याड, तोंड मिटून. तिला काय समजंना. शीळ घोडीपाशी आन् धर्मा तिकडं. गेली चराया.

बानूबाई : आन् मधीच फोन आला व्याह्यांचा, त्यो डब्यातनं वाजला. निम्मी मेंढरं वड्यात. त्या दिवसापासनं डबा पिकअपमधी हाय, जालिंदर गाणी ऐकतो त्याच्यावर.

डॉक्टर : आणि शिंका? त्या तरी तोंड उघडून दिल्यात का?

बानूबाई : दिल्या की. निघायच्या दिवशी बिरोबाफुडं भंडारा उधळला, ह्यांना आली शिंक. तोंड ह्ये एवढं उघडलं. शिंक बाहेर आन् मूठभर हळद आत. पोरं हसून लोळली. ह्ये म्हणत्यात, डॉक्टरीणबाईनी सांगितलंय.

डॉक्टर : मला वाटत होतं माझं कुणी ऐकत नाही.

धर्माजी : ताई, मेंढराला दोन आखूड शिळा घातल्या म्हंजी थांब. मग त्ये फुडं हिरवं दिसलं तरी पाय उचलत न्हाय, पुन्यांदा बोलावल्याबिगर. तसं शिकवलेलं असतं. मग मी कसा हलणार?

बानूबाई : वर्षभर ह्ये बी त्यातलेच एक. फकस्त लोकर तेवढी नव्हती.

डॉक्टर : मावशी, मला एक सांगा. जालिंदरनं अट आजच का घातली? वर्षभर तर तुम्ही निभावलंत.

बानूबाई : निभावलं नाय म्हणून तर.

धर्माजी : त्ये नको.

बानूबाई : नको कसं? त्यांना कळाया नको का, त्यांच्या दाढंवर काय टांगलंय? ताई, जूनमधी वर येत व्हतो. घाट चढून आलो, समदं नीट. इकडं हायवे वलांडायचा व्हता, दिस उगवायच्या टायमाला. निम्मी मेंढरं पल्याड गेली, निम्मी मधी आन् बाकीची अल्याड. तिकडनं कांद्याचा ट्रक. ह्ये अल्याड, मी पल्याड. मधल्यांना थांबवायचं का पळवायचं, त्ये मेंढरांना कळंना. ती बघत्यात ह्यांच्याकडं. मी वरडती, पर माझा आवाज हॉर्नमधी कुठं ऐकू येतोय? मग मी पळाले मधी.

डॉक्टर : ट्रकसमोर?

बानूबाई : मग काय करणार? त्यानं बिचाऱ्यानं ब्रेक मारला. मी वाचले. दोन गाभण मेंढ्या गेल्या. जालिंदर पिकअप घेऊन मागं व्हता, त्यानं समदं काचंतनं बघितलं. त्या दिवसापासनं त्याचं एकच, आई मरायच्या आत मेंढरं ईक. आता पुन्यांदा घाट उतरायचा टाइम आला, त्याच्या आत त्याला काय त्ये ठरवायचंय.

डॉक्टर : बाबा.

धर्माजी : जीभ लावली व्हती मी. दाढंला. लावली व्हती ताई. वाजली न्हाय का वाजवली न्हाय, माझं मलाच ठावं न्हाय. आण मोडंल म्हणून थांबलो, का भ्यालो, का ईसरलोच. बानू मधी हुबी आन् मी जीभ दाढंला लावून हुबा. त्ये रोज दिसतं मला.

बानूबाई : मला कुठं काय झालं? हाय की मी.

धर्माजी : हायस म्हणून बोलतोय.

डॉक्टर : महिनाभर म्हणाले असते तर हे झालं नसतं.

बानूबाई : तुमी कशाला जिवाला लावून घेताय? बोलणं तुमचं, पर कान ह्यांचे. महिनाभर म्हणला असता तरी ह्यांनी अमावस्या मोजत वरीस काढलं असतं.

डॉक्टर : तसं नाही, मावशी. ही शस्त्रक्रिया झालेले माझे निम्मे पेशंट परत येतच नाहीत. ज्यांना बरं वाटतं ते येत नाहीत, ज्यांना दुखतं ते दुसरीकडे जाऊन दाढ काढून घेतात. माझ्या हातचं टिकलं का गेलं, मला कळणार कसं? बाबांना मी दोनदा फोन लावला, लागला नाही. मी धरून चालले होते की गेली दाढ. पोकळीच्या इतक्या जवळची मंचरमध्ये मी एकटीनं केलेली ती पहिलीच होती. रोज आठवायची असं नाही, पण आठवायची.

धर्माजी : मला वाटलं तुमाला शंभर जण.

डॉक्टर : शंभर आहेतच. चला. आता मी सांगते, बाबा. नाक धरा आणि फुंका. हळू.

धर्माजी : तुमी सांगताय ना?

डॉक्टर : मी सांगतेय.

बानूबाई : फुंका आता. बिरोबानं बी ऐकलं.

डॉक्टर : हं. अजून एकदा. थोडं जोरात. बास. आरशावर काही नाही. फसफसलं का कुठं?

धर्माजी : न्हाय. कान तेवढे बसले.

डॉक्टर : बसू द्या, सुटतील. पडदा बुजलाय. आता हिरडी दाबते, इथं दुखतं? इथं? दाढेवर ठोकते, बाजूच्यासारखंच वाटतं का वेगळं?

धर्माजी : सारखंच.

डॉक्टर : हलतही नाही. छान. आता फोटो. ही पट्टी चावून धरा, हलू नका.

बानूबाई : ताई, मी बाहेर जाऊ का?

डॉक्टर : दाराबाहेर थांबा, मावशी, लगेच या. झालं. या आत. हा बघा, स्क्रीनवर आला. डावीकडे गेल्या वर्षीचा, उजवीकडे आत्ताचा.

बानूबाई : मला दोनी सारखंच दिसत्यात. ढगावानी.

धर्माजी : काळं हाय अजून.

डॉक्टर : थांबा जरा. बघू द्या.

धर्माजी : हाय ना काळं?

डॉक्टर : आहे. थोडं आहे.

धर्माजी : मग चल, बानू. टेम्पो येऊ दे.

डॉक्टर : बसा, बाबा. मी गप्प बसले म्हणजे वाईटच असतं असं नाही. मला बघायला वेळ लागतो. एक फोटो थोडा तिरका घेते. मुळाच्या डोक्यावर पोकळीची सावली पडते, त्यामुळे सरळ फोटोत फसगत होते. पट्टी धरा परत.

बानूबाई : आवळून धरा. सुटंल ती.

डॉक्टर : झालं. आता इकडे या दोघं जवळ. हे गेल्या वर्षीचं बघा, मुळाच्या टोकाला हे जे काळं आहे, हरभऱ्याएवढं, ती पुवाची जागा. तिथलं हाड खाल्लेलं. आता हे आजचं. हरभरा कुठं आहे?

बानूबाई : नाय दिसत.

डॉक्टर : तिथं हाड भरलंय. ही बारीक जाळी दिसतेय ना, ते नवं हाड. आणि ही पांढरी रेघ पोकळीचा तळ, तीही परत जुळून आलीय. राहिलाय तो फक्त हा ठिपका. बाजरीच्या दाण्याएवढा.

धर्माजी : त्यो काय हाय?

डॉक्टर : वण. कातडीवर जखम भरली की राहतो तसा हाडात राहिलाय. पू असता तर कडा पसरट दिसल्या असत्या, ठोकल्यावर दुखलं असतं, हिरडीला पुळी आली असती. यातलं काहीच नाही.

धर्माजी : म्हंजी जमलं?

डॉक्टर : जमलं. शंभर टक्के कुणीच सांगत नसतं, मीही सांगणार नाही. एखाद्याचं दोन-चार वर्षांनी परत डोकं वर काढतं. पण वर्षानं जे असं दिसतं ते बहुतेक टिकतं. दाढ तुमची आहे, बाबा. मी बघितल्यावरसुद्धा.

बानूबाई : अवं, काय झालं? डोळं का पुसताय?

धर्माजी : त्यो दिवा डोळ्यावर हाय.

बानूबाई : दिवा त्यांनी कवाच बंद केला.

डॉक्टर : आता मी नीट सांगते आणि मावशी, तुम्ही लक्षात ठेवा. आजपासून नाक शिंकरा, शिंका तोंड मिटून द्या, चूल फुंका, शीळ घाला. कुठलीही बंदी नाही. पुढच्या जूनमध्ये वर आलात की पहिला पाऊस पडायच्या आत इथं यायचं. दुखो अगर न दुखो.

धर्माजी : घाट चढलो की येतो.

डॉक्टर : मग घाला एक. मलाही ऐकू दे. ज्याच्यासाठी एवढं केलं ते मी अजून ऐकलेलंच नाही.

धर्माजी : हितं?

डॉक्टर : इथं. बाहेर बसलेले पेशंट दचकतील, दचकू देत.

धर्माजी : तसं न्हाय ताई. शीळ उगं घालायची नसती. हितं कुनाला बोलवू?

बानूबाई : खाली जाल्या हाय की. त्याला बोलवा.

धर्माजी : त्याला?

बानूबाई : ल्हान असताना कसं बोलवायचा? रानात कोकरांमागं कुठंबी असला तरी एक लांब आन् दोन तुटक. त्यो जेवण टाकून यायचा. ताई, ती खिडकी उघडती का? त्यानंच सांगितलंय, पयल्यावानी झाली तर. मग ऐकू दे की त्याला रस्त्याच्या पल्याड.

डॉक्टर : उघडते. जरा घट्ट बसलीय. पण खाली गाड्या बघा केवढ्या आहेत. आज मार्केट यार्डचा दिवस.

बानूबाई : ट्रकच पायजेत. ट्रकातनं पोचली तरच ती शीळ.

धर्माजी : नुस्तं वारं येतंय, बानू.

बानूबाई : ओठ वले करा आधी. कोरड्या ओठानं कधी वाजली व्हती का?

धर्माजी : जीभ लागंना जाग्यावर. टोपी नवी हाय दाढंवर, गुळगुळीत.

डॉक्टर : टोपी जुनीच आहे, बाबा. वर्षात जीभ विसरली. घाई नाही.

धर्माजी : परत वारंच आलं.

बानूबाई : तुमी जाल्याकडं नका बघू. त्या म्हाताऱ्या मेंढीकडं बघताय असं समजा. ती वड्याच्या पल्याड गेलीया.

(खिडकीतून ट्रकचे हॉर्न. मग एक लांब शीळ, तिच्यामागे दोन तुटक.)

डॉक्टर : बाप रे. काच हलली.

बानूबाई : ऐकली का त्यानं? मला हितनं दिसंना.

डॉक्टर : फोनवर बोलतायत. थांबा. फोन कानापासून खाली घेतला.

बानूबाई : वर बघतोय?

डॉक्टर : नाही, वर नाही बघितलं.

बानूबाई : वर कशाला बघंल? कुनाची हाय त्ये ठावं हाय त्याला.

डॉक्टर : निघाले. रस्ता ओलांडतायत.

धर्माजी : दोनी अंगाला बघून वलांडतोय का?

डॉक्टर : बघून ओलांडतायत, बाबा. आले या बाजूला. जिना चढतायत बहुतेक.

धर्माजी : खिडकी लावा ताई. धूळ येतीया तुमच्या सामानावर.

जालिंदर : काय आबा? बोलावलं?

धर्माजी : पोचती का बघत व्हतो.

जालिंदर : हितनं घातली? मी तर फोनवर व्हतो. शेटच व्हता लायनीवर, टेम्पो किती वाजता आणू इचारत व्हता. त्याला थांब म्हणलं आन् आलो.

धर्माजी : मग?

जालिंदर : मग काय? अजून धरून ठेवलाय त्याला. हॅलो, शेट? हां, जालिंदर बोलतोय. उद्या टेम्पो नका आणू. नाय, दुसऱ्या कुनाला नाय दिली. आमची आमालाच लागत्यात.

बानूबाई : मग औंदा माळशेजात मी गप चालणार.